कण्यांचा ऊत

“हात थांबवू नगंस गं पोरी. कण्या म्हंजी तान्हं लेकरू. जरा मान वळवलीस का तळ धरतंय, आन् मग कितीबी समजूत घाल, करपल्याचा वास यायचा तो येतोयच.”

या आवाजाला चाळीस वर्षं झाली. आवाज बयाबाईचा, दगडाबाईच्या सासूचा. माणदेशातला उघडाबोडका माळ, मेंढरांचा वाडा, वाड्याच्या कडेला तीन दगडांची चूल आणि चुलीवर काळं मडकं. दगडाबाई तेव्हा अकरा वर्षांची नवी सून होती, आणि हातातला चाटू तिच्या हाताहून लांब. सासू मागं उकिडवी बसायची, सुनेच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि चाटू फिरवायची. सावकाश, एकाच अंगानं, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. पुढं सासू गेली. वाडा गेला, मेंढरं गेली, तो माळही सुटला. तो आवाज मात्र कुठं जायला तयार नव्हता. चाटू हातात घेतला की कानामागून यायचाच.

आता चाटू माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत होता. लेकीच्या घरात, फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या मागं पडून.

लेक हरणाबाई, जावई कृष्णात आणि त्यांची तीन वर्षांची सुली, अशी त्या एका खोलीतली माणसं. त्यात दुष्काळानंतर हे दोन म्हातारे येऊन पडलेले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशा रीतीत वाढलेला दगडाबाईचा नवरा जोतिबा तीन वर्षं जावयाच्या भाकरीवर होता. पहिलं वर्षभर तो घास घ्यायच्या आधी दाराकडं तोंड करून बसायचा. पुढं तेही सुटलं आणि तो भिंतीकडं तोंड करून बसायला लागला.

दसऱ्यापासून त्यानं खाणं टाकलं होतं. आधी भाकरी टाकली, मग भात, मग पेज. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, घशात बॅटरी मारली आणि कृष्णातला बाहेर बोलावून म्हणाले, “आजार काही सापडत नाही. माणसानं खायचंच नाही असं ठरवलं असेल, तर त्याला माझ्याकडं बाटली नाही.”

आणि दिवाळीच्या अवसेला सकाळी, अंगाला तेल लावून घेताना, तो भिंतीला बोलावा तसा बोलला.

“उद्या पाडवा न्हवं?”

“व्हय,” दगडाबाई म्हणाली.

“कण्या कर.”

हरणाच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. “आबा, आत्ता करू का? मऊ शिजवते, तूप घालून.”

“तू न्हवं,” जोतिबा म्हणाला. “तुझी आई करंल. मडक्यात. मेंढीच्या दुधात. दारात चूल मांडून. मला ऊत बघायचा हाय.”

दगडाबाईच्या हाताला तेल लागलं होतं. तिनं तो हात लुगड्याला पुसला आणि लुगड्यातच गुंडाळून धरला. उजव्या मनगटापासून करंगळीपर्यंत तिला एक जुना चट्टा होता, भाजल्याचा. पिकल्या पानाच्या रंगाचा.

*

हरणाच्या डब्यात रेशनची तांबडी ज्वारी होती. दुष्काळात जहाजानं आली म्हणायचे, तसलीच. दगडाबाईनं ती मुठीत घेतली, हुंगली आणि परत टाकली. “ह्याच्या कण्या हुत न्हाईत. ह्याची खळ हुती.”

“मग मामी, आमच्या खात्यात घालवू की,” कृष्णात म्हणाला. तो गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होता. “आमी बी हेच करतो दिवसभर. मोठ्ठी कढई, वाफ सोडायची, ढवळत बसायचं. तुमी असता तर साहेबानं तुमाला मुकादम केलं असतं.”

“तुमच्या कढईत ऊत येतो का?”

“आला तर पगार कापत्यात.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि आपण हसलो याचीच तिला लाज वाटली. कृष्णात बाजारात जाऊन पायलीभर शाळू घेऊन आला. पांढराशुभ्र, टपोरा. तिनं तो धुतला, फडक्यावर पसरला, हाताला ओल लागेनाशी झाली तसा सुपात भरला आणि शेजारच्या शालूबाईच्या दारात गेली. चाळीत जातं फक्त शालूबाईकडं होतं. तेही हळद दळायला.

शालूबाई वाईची. नवरा गिरणीत जॉबर, यंत्रांवरचा मुकादम. वाई सोडून तिला पंधरा वर्षं झाली होती, पण बोलण्यात वाई रोज यायची.

“मावशी, आमच्या वाईला घाटावर एवढी जेवणं उठतात, पण कण्यांसाठी कुणी जात्याला हात लावत नाही हो. माझा कुकर घ्या की. तीन शिट्ट्या. काम खलास.”

“शिट्टी वाजली म्हंजी शिजलं, आसं कुणी सांगितलं?”

“कुकरच्या कागदावर लिहिलंय.”

“कण्यांनी कुटं वाचलाय त्यो कागद,” दगडाबाई म्हणाली आणि जात्याला बसली.

जातं सैल ठेवावं लागतं. वरची पाळू घट्ट बसली की पीठ होतं, फार सैल झाली की दाणा नुसता दुभंगतो. एका दाण्याचे चार तुकडे, फार तर पाच. बयाबाई म्हणायची, कणी जिभेला कळली पायजे पर दाताला लागली न्हाई पायजे. पहिली मूठ पडली, घरघर सुरू झाली, आणि दगडाबाईच्या तोंडून ओवी कधी निघाली ते तिलाही समजलं नाही.

*भरड भरडीते, कणी पडती मोत्यावानी*

एवढंच म्हणून ती थांबली. जातं फिरत राहिलं.

“पुढं?” शालूबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. “पुढं काय हो मावशी?”

“इसरलं.”

“असं कसं इसरलं? ओवी काय एका ओळीची असते होय?”

“आसती कवा कवा,” दगडाबाई म्हणाली.

भरड झाली. तिनं चाळणीनं पीठ वेगळं काढलं, सुपानं कोंडा उडवला. खाली राहिल्या त्या कण्या, साबुदाण्याहून बारीक, एकसारख्या. घरी येऊन तिनं त्या पातळ ताकात भिजत घातल्या. रात्रभर ताकात बसल्या की कणीच्या पोटापर्यंत आंबूस ओल जाते, मग ती शिजताना ताठ राहत नाही. कण्या मऊ होण्यामागं जाळ थोडा आणि भिजवण जास्त, हे तिला चाळीस वर्षांच्या हातानं ठाऊक होतं.

*

पाडव्याला गिरणीचा भोंगा नसतो. भोंग्याशिवायची पहाट चाळीला अनोळखी वाटते. कृष्णात अंधार असतानाच सायकल घेऊन बाहेर पडला होता. बुधगावच्या शिवारात मेंढरं उतरल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. उजाडल्यावर तो आला तेव्हा हॅंडलला तांब्या बांधलेला, तोंडाला फडकं.

“मिळालं मामी. दोनच मेंढ्या दुधाच्या हुत्या. त्यांचा म्हातारा देईना. म्हणाला, पाडव्याला आमालाच ऊत घालायचाय. मग म्या मामांचं नाव सांगितलं. तसा त्यो उठला. म्हणाला, जोतिबा म्हंजी तीनशे मेंढरांचा? त्याला ने. पैसं नगंत.”

खाटेवरून जोतिबानं मान वळवली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा भिंतीकडून दाराकडं.

“कुणीकडं चाललीत त्यांची मेंढरं?”

“ऊत गेला तर कोकणात म्हणत हुते. मावळतीला.”

“मावळतीला,” जोतिबा म्हणाला. दगडाबाई तांब्यावरचं फडकं सोडत होती. दुधाचा वास आला. दाट, लोकरीचा, ओल्या लेंड्यांचा वास. तिला वाटलं आपण आता खाली बसू, आणि ती बसलीच.

मेंढक्यांच्या घरात पाडव्याची एक रीत होती. दसरा-दिवाळी झाली की माळावरचं गवत संपतं आणि मेंढरं वाटेला लागतात. कुठल्या वाटेला, ते पाडव्याच्या सकाळी ठरायचं. वाड्यात लेंड्यांचा ढीग पेटवायचा, त्यावर मडकं ठेवायचं, आणि घरातल्या थोरल्या बाईनं मेंढीच्या दुधात कण्या शिजवायच्या. शिजेपर्यंत हात थांबवायचा नाही. आणि एकदा का दूध वर चढायला लागलं, की हात काढायचा आणि मडक्याला शिवायचं नाही. ऊत ज्या अंगाला सांडेल त्या अंगाला मेंढरं न्यायची. होळीपर्यंत माघारी फिरायचं नाही. बयाबाईचं निम्मं शिक्षण चाटू फिरवण्याचं होतं, आणि निम्मं चाटू काढून घेण्याचं.

“आला का गं ऊत, तवा हात देवाचा आसतो,” ती म्हणायची. “आपला मांडीखाली घालायचा.”

*

तीन वर्षांपूर्वीचा पाडवा. पाऊस दोन वर्षं रुसलेला. माळावर कुसळंसुद्धा उरली नव्हती. जाणती माणसं म्हणत होती, यंदा मावळतीलाच गेलं पाहिजे. कृष्णाकाठी काही ना काही हिरवं असणार. कुणी म्हणत होतं, जतच्या पलीकडं, उगवतीला, काळ्या रानात परतीचा एक पाऊस पडून गेलाय. जोतिबा दोघांचंही ऐकायचा आणि म्हणायचा, “ऊत सांगंल.”

हरणा जतच्या पलीकडं दिलेली. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं, पण माहेरच पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारं. बांगड्या भरणारी चंद्राबाई गावोगाव हिंडायची, तिनं दसऱ्याआधी निरोप आणला होता: पोरीला सातवा लागलाय, डोळं आत गेल्यात, सारखी आईचं नाव काढती. दगडाबाई नवऱ्याला म्हणाली होती, मला तेवढी दोन महिने तिच्याकडं धाडा. तो म्हणाला होता, “तू गेल्यावर वाड्याला भाकरी कोण घालंल? ऊत तिकडं गेला तर आपण समदीच जाऊ की.” त्यात राग नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्या सकाळी पुरुषमाणसं वाड्याच्या त्या टोकाला एडक्यांची शिंगं रंगवत होती. दगडाबाई एकटी मडक्यापाशी. दूध थोडंच होतं. आटलेल्या मेंढ्यांचं, बोटं दुखेपर्यंत पिळलेलं. ती चाटू फिरवत होती आणि गुणगुणत होती. ती ओवी तिचीच, त्याच आठवड्यात जात्यावर सुचलेली.

*भरड भरडीते, कणी पडती मोत्यावानी*
*लेक दिली उगवतीला, तिथं आटलं आडाचं पानी*

दूध चढलं. तिनं हात काढून मांडीखाली घातला. फेस मडक्याच्या काठाशी आला, क्षणभर थरथरला, आणि सांडला.

मावळतीला. सरळ, जाड धारेनं, कुणालाही शंका राहू नये असा.

तिनं मागं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. जोतिबा खाली वाकून थोरल्या एडक्याच्या शिंगाला हिरमुंजी लावत होता. तिचा हात मांडीखालून कधी निघाला? तिनं पदरानं मडक्याचं अंग पुसलं. उगवतीच्या अंगाच्या जळत्या लेंड्या उजव्या हातानंच मावळतीला लोटल्या. मडकं दोन बोटं कललं. चर्र झालं आणि कातड्याचा वास आला. पण तिनं तोंडातून आवाज काढला नाही. राहिलेलं दूध पुन्हा चढलं, आणि या खेपेला उगवतीला सांडलं.

मग तिनं हाक मारली. “आवं, ऊत आला.”

जोतिबा आला. त्यानं सांडलेलं पाहिलं, टोपी काढली, मडक्याला हात जोडले. “उगवतीला,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं नवल होतं, पण शंका नव्हती. “देवाचा शब्द हाय. चला.” मग तिच्या हाताकडं बघून म्हणाला, “भाजलं व्हय?”

“मडकं उतरताना.”

तिनं मनात हिशेब केला होता तो लेकीच्या बाळंतपणाचा. महिना-दीड महिना. नातवंडाचं तोंड बघायचं, मग मेंढरं फिरवायला नवऱ्याला कसंही राजी करायचं. जोतिबा होळीआधी फिरणारा माणूस नाही, हे तिला माहीत होतं. तरी त्या घटकेला ते तिला माहीत नव्हतं.

जतच्या पलीकडं पाऊस पडला नव्हता. ती कुणीतरी उडवलेली वावडी होती. हरणाच्या दारात पोचले तेव्हा दाराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, “कवाच गेली की समदी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. जावयाला सांगलीकडं गिरणीत काम लागलंय म्हणं.”

म्हणजे मावळतीला.

त्या कुलपाकडं बघत दगडाबाई उभी राहिली, आणि तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. तेव्हा अडीचशे मेंढरं पायांवर उभी होती. पण जोतिबा म्हणाला, “पोर सुखरूप हाय, बास. आता देवानं दावलेल्या वाटंनं होळीपातूर ऱ्हायाचं.” आणि तिची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. संक्रांतीला दीडशे राहिली. महाशिवरात्रीला साठ. बाभळीच्या शेंगा संपल्या, मग जोतिबानं आपल्या घोंगड्या उसवून त्यांची लोकर मेंढरांपुढं टाकली, तीही त्यांनी चघळली. होळीच्या दिवशी पुढं चालणारी मेंढी, चांदी, रस्त्यावर बसली आणि उठली नाही. जोतिबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “एडक्याचं भोवलं.”

बिरोबाला सोडलेला एक एडका त्यानं त्या पाडव्याच्या आधी चाऱ्यापायी विकला होता. देवाचा एडका विकला, म्हणून देवानं उलटी वाट दाखवली, असा त्यानं अर्थ लावला. त्या दिवसापासून तो तेच म्हणत आला. झोपेत, जेवताना, लेकीच्या दारात बसलेला असताना, भिंतीकडं तोंड करून. “देवाचं खाल्लं. देवानं खाल्लं.” प्रत्येक वेळी दगडाबाईच्या घशाशी शब्द यायचा. प्रत्येक वेळी ती तो गिळायची आणि म्हणायची, “जेवा आता.”

तीन वर्षं त्या शब्दावर तिनं जेवण वाढलं होतं. आणि आता तो जेवत नव्हता.

*

दारात तीन विटा मांडल्या. शेणकुटं लावली. लेंड्या माधवनगरात कुठल्या? पण कृष्णात त्यांचाही एक मुठीएवढा पुडा घेऊन आला होता. “त्या म्हाताऱ्यानंच दिल्या. म्हणाला, नुसत्या दुधानं काय हुतंय.” चाळीतल्या बायका गोळा झाल्या. शालूबाई सुलीला कडेवर घेऊन पुढं उभी राहिली. जोतिबाला खाटेसकट उचलून दारात आणलं. तो एवढा हलका झाला होता की हरणानं एका टोकाला आणि कृष्णातनं एका टोकाला, बास.

दगडाबाईनं आधी पाणी ठेवलं. आधण आलं तसं मीठ, मग ताकातून निथळलेल्या कण्या चिमटीचिमटीनं सोडल्या, दुसऱ्या हातानं चाटू. गुठळी होऊ द्यायची नाही. जाळ मागं ओढला. कण्या पाणी प्यायला लागल्या, रटरट मंद झाली, चिखलात पावसाचा थेंब पडावा तसे एकेक बुडबुडे फुटायला लागले. तेव्हा दूध, धारेनं. चाटू एकाच अंगानं. कानामागं बयाबाई.

“एवढा वेळ?” शालूबाई कुणाला तरी हळूच म्हणाली. “माझ्या कुकरच्या आत्तापर्यंत तीस शिट्ट्या झाल्या असत्या.”

“आजी, दे ना,” सुली म्हणाली.

“थांब माझी बाय. कण्यास्नी घाई चालत न्हाई.”

जोतिबा बघत होता. त्याचे डोळे मडक्याच्या काठावर होते. मग तो बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आज देवाला इचारतोय. एडक्याचं माफ केलं आसंल तर ऊत मावळतीला जाईल. मग मी जेवंल. समदं जेवंल, तुमी घालाल तेवढं. न्हाई तर मला कुणी घास घालायचा न्हाई. हरणे, तू बी न्हाई.”

“आबा, आसं काय बोलताय?”

“बोललो ते बोललो.”

दगडाबाईचा हात थांबला. थांबला म्हणजे एक फेरा चुकला. लगेच तिनं चाटू फिरवला. तिनं मडक्याकडं पाहिलं. पश्चिमेची वीट जराशी बुटकी होती की उंच? तिला कळेना. दोन बोटं. दोन बोटं मडकं कललं की हा माणूस जेवणार होता. आज कुणी पाहिलंही नसतं. धूर होता, पदर होता, पुन्हा एकदा पदरानं काठ पुसायचं निमित्त होतं. तेव्हा जे पापासाठी केलं ते आज पुण्यासाठी. हाताला वाट माहीत होती.

आणि मग तो माफ झाला म्हणून जेवला असता. न केलेल्या गुन्ह्याची माफी खाऊन. ती त्याला वाढत राहिली असती, पुढचा पाडवा, त्याच्या पुढचा.

दूध चढलं.

“आता हात देवाचा,” बयाबाई म्हणाली.

दगडाबाईनं चाटू काढला, बाजूला ठेवला, आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. भाजलेला उजवा हात खाली, डावा वर. इतके दाबून की मांडीला नखं रुतली. फेस काठाशी आला. थरथरला.

ऊत उगवतीला सांडला.

एकच धार, पांढरी, विटेवरून शेणकुटात. चुर्र झालं. त्याच दिशेला शालूबाईचं दार होतं, त्यापलीकडं गिरणीची भिंत, त्यापलीकडं लांब कुठंतरी जत.

जोतिबानं डोळे मिटले. रागावला नाही, रडला नाही. त्याला ते ठाऊकच होतं, असा त्याचा चेहरा. “न्या मला आत,” तो म्हणाला.

“आबा, घासभर तरी,” हरणा म्हणाली. ती ताटली घेऊन धावली. कण्या उत्तम झाल्या होत्या. दाट, सायीसारख्या, एकेक कणी वेगळी आणि तरी एकमेकींत मिसळलेली, वरून वाफ. हरणानं चमचा त्याच्या ओठाला लावला. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. दारात भिंत नव्हती, तरी फिरवलं. चमच्यातल्या कण्या त्याच्या दाढीवरून घोंगड्यावर पडल्या.

“आई, तू सांग की त्यास्नी,” हरणा म्हणाली. “तुझं ऐकत्यात.”

दगडाबाई उठली. खाटेपाशी गेली आणि खाली बसली. चाळीस वर्षांत ती त्याच्या पुढ्यात अशी समोरासमोर बसली नव्हती. लेक होती, जावई होता, शालूबाई होती, अर्धी चाळ होती. तिनं उजवा हात उघडा केला आणि खाटेच्या काठावर ठेवला, चट्टा वर करून.

“आवं, हिकडं बगा.”

त्यानं पाहिलं नाही.

“मडकं उतरताना भाजलं न्हवतं,” ती म्हणाली.

तो हलला नाही. पण त्याचा श्वास थांबल्यासारखा झाला, आणि तिला कळलं की तो ऐकतोय.

“त्या पाडव्याला ऊत मावळतीला गेला हुता. पयला. कुणीबी बगितला आसता, सरळ गेला हुता. देवानं वाट बरोबर दावली हुती, आन् एडक्याचं कायबी भोवलं न्हाई. म्या पुसला. जाळ लोटला, मडकं कलवलं, आन् मग तुमास्नी हाक मारली. मला हरणीकडं जायाचं हुतं. तुमची तीनशे मेंढरं म्या मारली, देवानं न्हाई.”